स्वेटरशिवाय वजन

शोकसभेत लोक हसतात, त्यात नवीन काही नाही. गेलेला माणूस म्हातारा असेल, फार हाल न होता गेला असेल, तर थोड्या गांभीर्यानंतर कुणीतरी एक गंमत सांगतं आणि हॉलमधलं वातावरण मोकळं होतं. बाईंच्या शोकसभेतही तसंच झालं, दिल्लीच्या द्वारका भागात त्या राहायच्या त्या सोसायटीच्या कम्युनिटी हॉलमध्ये. प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात चहाचा थर्मास, टेबलावर हार घातलेला फोटो. आमच्या जुन्या लॅबमधल्या एकाने मेट्रोतल्या वजनकाट्याची गोष्ट सांगितली. मग बाईंच्या शेजारच्या, केंद्र सरकारातून निवृत्त झालेल्या एका काकूंनी कर्नलच्या बायकोच्या शालीची सांगितली. लोक डोळे पुसत हसत होते. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो. या सगळ्या गोष्टी माझ्या होत्या. मी पहिल्यांदा सांगितलेल्या. शब्द माझे, कुठे थांबून समोरच्याकडे बघायचं तेही माझं.

मला बोलायला सांगितलं तेव्हा घसा बसल्याचं निमित्त करून मी हात जोडले. पण त्या गोष्टी तशा नव्हत्या. काही अर्ध्या होत्या, काहींना मी मीठमसाला लावला होता, आणि एक मी अशा ठिकाणी सांगितली जिथे सांगायला नको होती. आता माझं वयही बाईंच्या जवळ येऊन ठेपलं आहे. निदान खरं काय होतं ते लिहून ठेवतो.

बाई नागपूरच्या. तरुणपणीच दिल्लीत आल्या, सरकारी इस्पितळाच्या जीवरसायनशास्त्र विभागात आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर नोएडातल्या आमच्या खासगी लॅबमध्ये आल्या. मी त्या लॅबचा प्रमुख होतो. वयाने त्या माझ्याहून मोठ्या, त्यामुळे सुरुवातीला मला ‘अरे’ म्हणायच्या. माझ्या दारावर पितळी पाटी लागली त्या दिवसापासून ‘अहो’ म्हणायला लागल्या. मी म्हटलं, बाई, हे काय? तर म्हणाल्या, पाटीला म्हणते.

उंचीने बुटक्या, केस कापलेले, सुती साडीवर बारा महिने पुरुषी मनगटी घड्याळ. डबा उभ्याने खायच्या. लॅबमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो, आणि बाईंच्या हिशेबी तिसरं म्हणजे रक्त फिरवायचं यंत्र. “झालं का रे तुझं? केव्हाचा गरगरतोयस,” असं त्याला म्हणायच्या. नवीन पोरं पहिल्या दिवशी दचकायची. इतकी वर्षं दिल्लीत राहूनही त्यांची हिंदी नागपूरचीच राहिली. ‘मेरे को’ आणि ‘तेरे को’ या दोन पायांवर ती उभी असायची आणि फोनवर पलीकडची बाई तरीही दोन मिनिटांत यांच्याशी मोकळी व्हायची.

त्यांचं काम समजून घेतल्याशिवाय त्या समजणार नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो. पोटातल्या बाळाला जे काही मिळतं ते वारेतून, म्हणजे प्लासेंटातून मिळतं. वार गर्भाशयात नीट रुजली नसेल तर बाळ वाढत नाही. आणि हे सोनोग्राफीत दिसायला लागतं तोवर बरेचदा बरेच महिने गेलेले असतात. पण वारेतून आईच्या रक्तात काही प्रथिनं उतरतात. तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला ती मोजली आणि नेहमीपेक्षा कमी निघाली, तर एक शंका घेता येते. शंकाच, त्याहून जास्त काही नाही. पण त्या शंकेवर डॉक्टर सावध होतात, औषध देतात, बाळाची वाढ पुन्हा पुन्हा तपासतात, वेळ आलीच तर लवकर बाहेर काढतात.

यातली गोम अशी की हा आकडा आईच्या वजनावर अवलंबून असतो. जाड बाईच्या अंगात रक्त जास्त, त्यात तेच प्रथिन पातळ होतं, म्हणून तिचा आकडा मुळातच कमी येतो. संगणक वजन बघून ती तूट भरून काढतो. आता वजनच जास्त लिहिलं असेल, तर संगणक म्हणतो, एवढ्या वजनाच्या बाईचं इतकं कमी असणारच, सगळं ठीक आहे. आणि कागदावर ‘नॉर्मल’ छापून येतं.

बाईंचं सगळं आयुष्य या एका रकान्याभोवती फिरत असे. दिल्लीच्या जानेवारीत बाई काट्यावर उभी राहते तेव्हा तिच्या अंगावर दोन स्वेटर, वर कोट, शाल, पायात बूट, आणि नवी नवरी असेल तर कोपरापर्यंत चुडा असतो. “हे वजन स्वेटरचं आहे,” बाई म्हणायच्या. “स्वेटरला बाळ होणार नाही.” मग हे त्यांच्या बोलण्यातच शिरलं. महिन्याच्या बैठकीत मार्केटिंगचा माणूस पडद्यावर चढती रेघ दाखवून म्हणाला की टेस्ट दीडपट झाल्या. बाई पाठीमागून म्हणाल्या, “अच्छा है. इसमें स्वेटर कितने हैं?” एवढी एक गोष्ट मात्र मी सांगतो तशीच घडली आहे. तिला मसाला लागत नाही.

मेट्रोची गोष्ट तशी घडली नाही. मी ती अशी सांगायचो: बाई रोज वजनकाटा घेऊन द्वारकेहून ब्लू लाइनने नोएडाला येतात, लेडीज डब्यात तो खाली मांडतात, आणि कुणी पोटुशी दिसली की “चढ बेटा”, यमुना येईपर्यंत रांग लागलेली. यमुनेवर मी थांबायचो. लोक हमखास हसायचे. खरं असं की आमच्या एका कलेक्शन सेंटरचा काटा बिघडला होता. बाईंनी तो बदलायला सांगून कित्येक आठवडे झाले होते, आणि खरेदीच्या कागदावर सही करायची राहिली होती ती माझी. शेवटी बाई घरचा काटा पिशवीत घालून निघाल्या. स्टेशनवर तपासणीत पिशवी अडवली. हे काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी काटा जमिनीवर ठेवून दाखवला. तिथल्या महिला शिपायाने हौसेने त्यावर पाय ठेवला. इतकंच. एकदाच घडलं. डबा, रांग, यमुना, सगळं माझं.

शालीची गोष्टही तशीच. मी सांगायचो की एका कर्नलच्या बायकोने शाल काढायला नकार दिला, तेव्हा बाईंनी ती ओढूनच घेतली आणि कर्नलसाहेब बाहेरून दार ठोठावत राहिले. खरं तर कर्नलच्या बायकोने शाल स्वतः काढून, घडी करून बाईंच्या हातात दिली होती. गोष्टीत मी कधीच सांगितलं नाही ते हे, की वजनाच्या त्या खोलीत हीटर होता आणि तो बाईंनी स्वतःच्या घरून आणला होता. गरोदर बाईला थंडीत कपडे उतरवायला सांगायचं तर आधी खोली गरम हवी, असं त्यांचं म्हणणं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्या तो लावून ठेवायच्या. विजेचं बिल वाढतं म्हणून तक्रार आली होती. ती मी त्यांच्यापर्यंत पोचवली होती.

आणखी एक गोष्ट होती. ती मी सांगितली नाही, पण ती चालू राहू दिली. बाई अविवाहित होत्या. गरोदर बायकांसाठी एवढा जीव टाकतात म्हणजे यांचं स्वतःचं काहीतरी दुःख असणार, लपवलेलं मूल असणार, गेलेलं असणार, अशी कुजबुज लॅबमध्ये होती. मला विचारलं की मी नुसता वर बघायचो. त्याने कुजबुज पक्की व्हायची. एकदा एका नव्या मुलीने बाईंनाच विचारलं. बाई उभ्याने डबा खात होत्या. म्हणाल्या, “कारण कशाला हवं? मेरे को गलत मापा हुआ सहन नहीं होता, बस.” पुढे पुस्ती म्हणून माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, “लोकांना प्रत्येक कामामागे एक मेलेलं माणूस लागतं.”

या गोष्टी मी का सांगायचो? मला त्या चांगल्या जमायच्या. दिल्लीतल्या मराठी लोकांच्या गणपतीत, मालकांच्या फार्महाउसवरच्या पार्टीत, बाहेरगावच्या कॉन्फरन्सला जेवणाच्या टेबलावर. “सर, मॅडमची ती सांगा ना.” रसायनशास्त्रात मी मध्यमच होतो. गोष्टींमुळे लोक मला ओळखायचे. आणि बाईंबद्दल माझ्या मनात आकस नव्हता, असं मी स्वतःला सांगत असे. प्रेमाने सांगतो, असं म्हणत असे. कदाचित ते खरंही असेल. पण हळूहळू असं झालं की बाई एखाद्या बैठकीत बोलायला उभ्या राहिल्या की त्यांच्या पहिल्या वाक्याआधीच लोकांच्या चेहऱ्यावर हसू यायचं.

मग घरी जाऊन रक्त घ्यायची पद्धत सुरू झाली. फोनवर बुकिंग. वयही फोनवरच विचारायचं, कितवा महिना तेही, आणि वजनही. रक्त घ्यायला जाणाऱ्या पोराने मोटरसायकलवर काटा कुठे न्यायचा? हा निर्णय माझा होता. बाई माझ्या खोलीत आल्या, बसल्या नाहीत.

“फोनवर वजन सांगतं कोण, अहो?”

मी म्हटलं, पेशंट सांगते.

“फोन घरात कोण उचलतं?”

मी म्हटलं, बाई, यार, सगळ्या दिल्लीत असंच चालतं.

त्यांनी वाद घातला नाही. स्वतः फोन करायला लागल्या. ज्या रिपोर्टात त्यांना काही खटकेल, त्या घरी फोन. कुणी लग्नाच्या वेळचं वजन सांगितलेलं असायचं, कुठे नवऱ्याने ठोकून दिलेलं, कुठे बाईने लाजून दहा किलो कमी केलेलं. बाई विचारून विचारून खरं काढायच्या. मग एका घरातून तक्रार आली. सासऱ्यांनी थेट मालकांना फोन केला की तुमच्या कुणी मॅडम विचारतात, सून खरंच एवढी भरलेली आहे का. आम्ही काय तिला उपाशी ठेवतो? मालकांनी मला बोलावलं. मी बाईंना फोन करायला मनाई केली.

त्या म्हणाल्या, “मग वजनाचा रकाना रिकामा सोडा. रिकामा रकाना निदान खोटा नसतो.”

मी म्हटलं, रिकामा सोडला तर संगणक रिपोर्ट देत नाही.

“मग देऊ नका.”

त्या आठवड्यापासून हे रिपोर्ट तपासून पुढे सोडायचं काम मी त्यांच्याकडून काढून स्वतःकडे घेतलं. त्यांना नव्या लोकांच्या शिकवणीचं काम दिलं. त्यांनी पोरांना पहिल्या तासाला हीटर कसा लावायचा ते शिकवलं, अशी एक गोष्ट मी त्यावरही केली.

पानिपतच्या त्या मुलीचं रक्त त्यानंतरच्या पावसाळ्यात आलं. तिच्या सासरी ब्लँकेट आणि चादरींचा मोठा धंदा. रिपोर्ट मी सोडला. नॉर्मल. आठव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. जन्मलं तेव्हा इतकं लहान होतं की डॉक्टरांनी वाढ खूप आधीच खुंटली असावी असं सांगितलं. थंडीत, दाट धुक्याच्या एका सकाळी, ती, तिचा नवरा आणि सासू असे तिघं नोएडाला आले. भांडायला आले नव्हते. त्यांच्या डॉक्टरांनी म्हटलं होतं की तुमचा पहिला रिपोर्ट चांगला होता, त्यामुळे वेगळं लक्ष ठेवलं नाही. तेवढं विचारायला आले होते. मालकांचा मला निरोप होता की सहानुभूतीने बोला, कबूल काही करू नका.

बोलणं मुख्यतः सासू करत होती. तिच्या मते कारण स्पष्ट होतं. सुनेने करवा चौथला दिवसभर पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. सासू म्हणे, मी म्हटलं होतं फळ खा, दूध घे. पण ऐकते कोण? सडपातळ राहायची हौस. मुलगी मान खाली घालून ऐकत होती. तिला ते सगळं पटलेलं दिसत होतं. थोड्या वेळाने ती पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली.

परत आली तेव्हा तिच्यासोबत बाई होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. व्हरांड्यात त्यांनी त्या मुलीला पाहिलं, कोट घातलेला असूनही तो अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. नाव विचारलं, जाऊन रिपोर्ट बघितला, त्यात वजन बासष्ट. मुलीने सांगितलं, लग्नात मी चव्वेचाळीस किलोची होते, तिसऱ्या महिन्यातही तेवढीच.

“वज़न किसने बताया था?” बाईंनी खोलीला विचारलं.

सासू म्हणाली, “मैंने बताया था. तो? अच्छे घर की बहू है. कोई चवालीस किलो बताता है क्या?”

त्यात लबाडी नव्हती, असं मला आजही वाटतं. तिने वजन सांगितलं नव्हतं, घराण्याची इभ्रत सांगितली होती. आणि आमच्या पद्धतीत दोन्हींसाठी एकच रकाना होता.

मुलीने पहिल्यांदा मान वर केली. बाईंना विचारलं, “मेरे व्रत से नहीं हुआ?”

“नहीं बेटा.”

बाई तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. मी त्यांना लॅबमध्ये बसलेलं फारसं पाहिलं नव्हतं. द्वारकेत पाण्याची बोंब असते, त्यावरून त्यांनी तिला समजावलं. वरच्या मजल्यावर नळ उघडून बसलेल्या बाईचा काही दोष नसतो; खालचा पंपच पाणी चढवत नसतो. बाळ वरच्या मजल्यावर होतं, वार हा पंप. तो पंप पहिल्या तीन महिन्यांतच नीट बसला नव्हता. एका दिवसाच्या उपासाने तो बिघडत नाही, दूध पिऊन सुधारत नाही. मग म्हणाल्या की आमच्या रिपोर्टात हे दिसायला हवं होतं. वजन चुकीचं घेतलं म्हणून दिसलं नाही. दिसलं असतं तर डॉक्टरांनी नजर ठेवली असती. बाळ वाचलंच असतं असं मी म्हणू शकत नाही; पण चूक आमची आहे, तुझी नाही.

नवरा माझ्याकडे वळला. तो सरळ मुलगा होता. त्याने विचारलं, “सर, मैडम जो कह रही हैं, सही है?”

हो म्हणायला एक अक्षर लागतं. मी हसलो. अगदी थोडं, आदराने हसलो. म्हणालो की मॅडम आमच्या फार सीनियर आहेत, आम्ही सगळे यांचा मान ठेवतो, पण यांचं असं आहे की प्रत्येक गोष्ट शेवटी वजनावर येते. आणि मी मेट्रोची गोष्ट सांगितली. मूल गमावलेल्या त्या मुलीसमोर, चांगल्या हिंदीत, काटा मांडला, “चढ बेटा” म्हटलं, यमुनेवर थांबलो.

सासू हसली. मोठ्याने नाही, सुटकेचं हसली. म्हणाली, “अच्छा, तो ये बात है.” तिच्या खांद्यावरचं काहीतरी उतरलं ते मला दिसलं. नवऱ्याने मान हलवली. मुलगी बाईंकडे बघत होती, मग तिने पुन्हा मान खाली घातली.

ते लोक गेल्यावर व्हरांड्यात बाई माझ्यासमोर थांबल्या. किती वर्षांनी मला एकेरीत म्हणाल्या, “गोष्ट छान सांगतोस.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. त्या आठवड्यात खोलीचं दार लावून मी त्या मुलीचे आकडे संगणकात पुन्हा घातले, वजनाच्या जागी चव्वेचाळीस लिहून. शंका दाखवणारी लाल ओळ आली. मी ती पुसली. बाई गेल्यावर लॅबमध्ये असं पसरलं की मॅडमच्या हातून एका रिपोर्टात घोटाळा झाला, वय झालं होतं. शोकसभेतही एकाने हे दबक्या आवाजात सांगितलं. तेव्हा हे स्पष्ट लिहितो: तो रिपोर्ट बाईंनी पाहिलाही नव्हता. पद्धत माझी होती, रिपोर्ट मी सोडला, आणि तो चुकीचा आहे हे सांगणाऱ्या एकुलत्या एका माणसाला मी वेडं ठरवलं.

शोकसभेनंतर मी पानिपतला गेलो. बाईंना आता काही सांगता येणार नव्हतं. त्या मुलीला सांगता येईल असं वाटलं. इतकी वर्षं ती स्वतःलाच दोष देत बसली असेल, या विचाराने मला झोप लागत नव्हती. सासरचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. तिथे नवरा भेटला, आता जाड झालेला. त्याचं दुसरं लग्न झालं आहे, आई वारली. पहिली बायको माहेरी गेली ती परत आली नाही, असं तो म्हणाला. पाठवली, असं म्हणाला नाही. पत्ता मात्र त्याने दिला. तिच्या भावाचं हायवेजवळ हातमागाच्या कापडाचं दुकान आहे, दुपारी ती तिथे बसते.

तिने मला गिऱ्हाईक समजून पडद्याची कापडं दाखवायला घेतली. मी नाव सांगितलं तरी ओळख पटेना. लॅबचं सांगितलं तेव्हा हातातला तागा तिने बाजूला ठेवला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. वजनाचं, रिपोर्टाचं, लाल ओळीचं. शेवटी म्हणालो की त्यात तुझा काही दोष नव्हता, हे सांगायला आलो.

“वो तो मुझे पता है,” ती म्हणाली. “मैडम ने बताया था.”

मी म्हटलं, हो, त्या दिवशी लॅबमध्ये.

ती म्हणाली, नाही, नंतर. घरी आल्या होत्या.

मला हे माहीत नव्हतं. राजीनामा दिल्यावर बाई रेल्वेने पानिपतला गेल्या होत्या. सासू, नवरा, दीर, सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून त्यांनी पुन्हा तेच सांगितलं होतं. घर जरा हललं होतं, ती म्हणाली. नवरा तर ऐकायलाही लागला होता. तेव्हा सासूने फोन हातात घेतला आणि म्हणाली, मोठ्या डॉक्टरांनाच विचारते.

“आपको फ़ोन किया था मम्मी जी ने. स्पीकर पर.”

मी काय बोललो ते तिला शब्दन् शब्द पाठ होतं. तिने ते रागाने म्हटलं नाही. कापडाचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी म्हणालो होतो, “माताजी, वो अब हमारे यहाँ नहीं हैं. तबियत ठीक नहीं रहती उनकी. चाय पिला के भेज दीजिए.”

मी आठवून बघितलं. तो फोन मला आठवत नाही. दिवसात असे कितीतरी फोन यायचे. आजही, हे लिहिताना, त्यातला एक शब्द आठवत नाही.

मी विचारलं, मॅडम तिथेच होत्या?

“सामने बैठी थीं.” मग ती म्हणाली की सासूने खरंच चहा आणवला. सगळे उठून आत गेले. ही एकटी राहिली, कारण कपबशी परत न्यायची होती. बाईंनी चहा पूर्ण प्यायला. कप खाली ठेवला. आणि तिला म्हणाल्या, इकडे बस, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं.